तिरपा उजेड

आपल्याकडे घर बांधताना दिव्याची जागा ठरते ती दिव्याखाली कोण काय करणार याचा विचार करून नव्हे, तर खोलीच्या लांबीरुंदीचा मध्य काढून. आणि एकदा का छताच्या ऐन मध्यावर विजेचा गोळा टांगला, किंवा दाराच्या माथ्यावर एक ट्यूबलाइट आडवी ठोकली, की प्रकाशाच्या बाबतीत आपले कर्तव्य संपले, अशी गवंड्यापासून घरमालकापर्यंत सर्वांची निःशंक समजूत असते. जेवायला, गप्पा मारायला, आल्यागेल्याचे स्वागत करायला ही तजवीज वाईट नाही. परंतु ज्याला त्या खोलीत भिंतीकडे तोंड करून, मान खाली घालून, हातात हत्यार धरून काही घडवायचे आहे, त्याच्या पाठीमागे हा मध्यवर्ती दिवा येतो आणि त्याचीच सावली त्याच्या कामावर टाकतो. तो डावीकडे सरला की सावलीही डावीकडे सरते, तो वाकला की तीही कामावर पसरते, आणि नेमकी जिथे आखलेली रेघ पाहायची तिथेच काळोखाचा अंमल बसतो. अशा वेळी मनुष्य साहजिकच असा निष्कर्ष काढतो की उजेड कमी पडतो आहे, आणि बाजारातून पहिल्याहून प्रखर दिवा आणून तो त्याच जागी लावतो. सावली जिथल्या तिथेच राहते. विजेचे बिल मात्र वाढते.

सरकारी दप्तरखान्यात उभी हयात काढल्यानंतर, पुण्यातील आमच्या जुन्या घराच्या मागच्या अंगाला, एके काळी जळाऊ लाकडे ठेवण्यासाठी असलेली एक खोली मी सुतारकामाच्या नादासाठी मागून घेतली, आणि घरच्या मंडळींनी भुसा उंबरठ्याबाहेर येता कामा नये या एकाच अटीवर ती माझ्या वहिवाटीत दिली. कामाचे एक भक्कम मेज, रंधे, पटाश्या, करवती, कानशी, एक गुण्या आणि कोपऱ्यात लाकूड कातण्याचे छोटे लेथ, एवढा तिथला सरंजाम. दिव्यांचा प्रश्न निघाला तेव्हा बोलावलेला वायरमन, तरुण आणि आपल्या कामात वाकबगार, शिडीवर चढून छत ठोकून पाहत म्हणाला, ‘काका, दोन मोठी पॅनेल बसवतो. सावलीच पडणार नाही बघा कुठे.’ मी म्हणालो, ‘अरे, मला सावली पाहिजे आहे.’ त्यावर त्याने शिडीवरून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेत पेन्शनरांविषयीची सर्व सहानुभूती एकवटलेली होती.

त्याचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे होते असे नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा दिवा सावली पडू नये अशाच हेतूने रचलेला असतो, कारण तिथे शल्यविशारदाचा हात आड आला तरी जखमेच्या तळापर्यंत प्रकाश पोचला पाहिजे. पण लाकडावर काम करणाराला तळ पाहायचा नसतो, पृष्ठभाग पाहायचा असतो. आणि पृष्ठभागावरचे उंचसखल डोळ्याला कळते ते सावलीच्याच साक्षीने. घरातल्या कारखान्यासाठी दिवे निवडणे म्हणजे किती उजेड विकत घ्यायचा हे ठरवणे नव्हे. कोणती सावली हटवायची आणि कोणती हुकमतीत ठेवायची, याचा निवाडा करणे होय. दुकानदार मात्र विचारतो, ‘किती वॅटचा देऊ?’

वॅट हा वस्तुतः खर्चाचा रकाना आहे. जमेचा रकाना ल्यूमेनचा. शंभर वॅटचा तारेचा गोळा जेवढा प्रकाश देई, तेवढा आजचा एलईडी दिवा बारापंधरा वॅटांत देतो, कारण जुन्या गोळ्यात खर्च झालेल्या विजेचा फार मोठा हिस्सा उष्णतेच्या सदरी जमा होत असे. कामाच्या जागेवर प्रत्यक्ष किती उजेड पडला, हे लक्समध्ये मोजतात: एका चौरस मीटरवर एक ल्यूमेन म्हणजे एक लक्स. ही मोजदाद यंत्राकडूनच करून घ्यावी, डोळ्याच्या जबानीवर विसंबू नये. कारण भर दुपारच्या उन्हातला सुमारे एक लाख लक्सांचा प्रकाश आणि पौर्णिमेच्या चांदण्यातला पाव लक्सही न भरणारा प्रकाश, ही दोन्ही टोके सांभाळून घेणारा हा अवयव इतका मिळते घेणारा आहे की पन्नास लक्सांतही तो तक्रार करीत नाही आणि पाचशेतही धन्यवाद देत नाही. तक्रार येते ती संध्याकाळी, कपाळ दुखू लागल्यावर. वयाचाही हिशेब यात धरावा लागतो. साठीच्या मनुष्याच्या डोळ्याची बाहुली आकसलेली आणि भिंग पिवळसर झालेले असते, त्यामुळे त्याच्या दृष्टिपटलापर्यंत पोचणारा प्रकाश विशीतल्या मुलाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच असतो; म्हणून नातू ज्या उजेडात बिनदिक्कत सुईत दोरा ओवतो, त्याच उजेडात आजोबांनी खिळा शोधत बसण्यात नजरेची नालायकी काही नाही. आजोबांना दिवा जवळ हवा.

जवळ हवा, प्रखर हवा असे नव्हे. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, हे केप्लरने १६०४ साली लिहून ठेवले. आमच्या घराची छते उंच असल्यामुळे वरचा गोळा मेजापासून आठ फुटांवर येई. तोच गोळा मेजापासून दोन फुटांवर आणला की मेजावरचा उजेड सोळा पट होतो, आणि त्यासाठी पैचाही खर्च येत नाही. ज्यांना दिवा हवा तिथे आणायचा असेल त्यांच्यासाठी, मोटारींच्या स्प्रिंगांच्या रचनेत मुरलेल्या जॉर्ज कार्वर्डीन नावाच्या इंग्रज इंजिनियराने १९३२ साली एक स्प्रिंगांचा बाहू योजला, जो ओढावा तिकडे येतो आणि सोडावा तिथे थांबतो. तशा बाहूचे दिवे आज आपल्याकडे कोणत्याही बऱ्या दुकानात मिळतात, आणि घरगुती कारखान्याच्या एकंदर सामानात इतक्या अल्प मोलाची आणि इतक्या उपयोगाची दुसरी वस्तू मला ठाऊक नाही.

केप्लरनंतर दीडशे वर्षांनी, १७६० साली, योहान हाइनरिख लँबर्ट याने प्रकाशमापनावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात तिरकस पडणाऱ्या किरणांचा नियम सिद्ध केला. समोरून सरळ पडणारा उजेड पूर्ण बळाने पडतो. तो जसजसा कलता होतो तसतसा तोच प्रकाश अधिक क्षेत्रावर पसरून क्षीण होतो. फळीशी केवळ दहा अंशांचा कोन करून येणारा उजेड सरळ उजेडाच्या जवळजवळ सहाव्या हिश्श्याएवढाच भरतो. हिशेबाने पाहिले तर हा शुद्ध तोट्याचा व्यवहार. परंतु त्याच दहा अंशांच्या कोनात प्रत्येक उंचवट्याची सावली त्याच्या उंचीच्या साडेपाच पटींहून अधिक लांब पडते. जेवढा उजेड आपण गमावतो, जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात सावलीची लांबी आपल्याला मिळते. आणि लाकडाचा पृष्ठभाग तपासणाराला या दोहोंपैकी काय हवे असते, हे निदान लँबर्टला सांगावे लागले नसते, कारण तो शिंप्याचा मुलगा होता आणि बापाच्या हाताखाली काम करीत वाढला होता.

सागवानाची एक फळी रंधून गुळगुळीत झाली आहे अशी खात्री वाटत असताना छतावरचे दिवे मालवून, मेजाच्या डाव्या टोकाला, फळीच्या पातळीपेक्षा चार बोटे वर, एकच लहान दिवा ठेवून पाहावे. क्षणापूर्वी जी फळी निर्दोष दिसत होती तिच्यावर रंध्याच्या पात्याच्या कडांनी सोडलेल्या उभ्या रेघा, नांगरटीच्या सरीसारख्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उमटलेल्या दिसतात; गाठीभोवती जिथे लाकडाचे तंतू उलट दिशेने वळलेले असतात तिथे पात्याने उचकटलेली बारीक बारीक खवले काळीभोर होऊन उभी राहतात; आणि काचकागद चुकून तंतूंना आडवा घासला गेला असेल, तर ते ओरखडे असे काही स्पष्ट होतात की बोटाने चाचपून जे लागत नव्हते ते दहा फुटांवरून वाचता येते. हे सारे दोष आत्ता दिसले तर रंध्याच्या दोन हातांत जातात. ते न दिसता वर चपडी लाखेच्या पॉलिशचे थर चढले, तर पॉलिशची चकाकी प्रत्येक ओरखडा कायमचा जाहीर करते, आणि मग खालपर्यंत खरवडून काढण्यावाचून दुसरा इलाज राहत नाही.

पटाशीच्या धारेचेही तेच. निसण्यावर लावलेली पटाशी दिव्याखाली धरून, धार आपल्याकडे येईल अशी हळूहळू कलती करीत न्यावी. जिथे धार बोथट आहे तिथे तिला अतिसूक्ष्म का होईना पण जाडी असते, आणि त्या जाडीवरून दिव्याचा प्रकाश परतून केसाएवढी पांढरी रेघ चमकते. जिथे धार खरी लागली आहे तिथे परतवायला पृष्ठभागच नसल्यामुळे काहीच दिसत नाही. ज्यांच्या मेजावर चारी बाजूंनी सारखाच पांढरा उजेड ओसंडत असतो त्यांना ही परीक्षा करता येत नाही. ते नखावर घासून किंवा हातावरची लव कापून धार पाहतात, आणि कधी कधी हातही कापून घेतात.

आमच्या कोकणातल्या घरी जुन्या काळी येणारे सुतार हे सगळे जाणत, पण कोणी सिद्धांत म्हणून सांगत नसत. काम रात्रीवर गेले तर ते ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील आढ्याला टांगायला सांगत नसत. तो जमिनीवर, फळीच्या शेवटाशी ठेवीत, आणि दुसऱ्या टोकाला उकिडवे बसून, एक डोळा मिटून फळीवरून नजर घालीत. कंदिलाचा उजेड तो केवढा! पण योग्य मार्गाने आलेला असल्यामुळे तो पुरे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत आजही मठारकाम पाहायला मिळते. तांब्याच्या हंड्यावर हातोडीचे ठोके ओळीने पडत जातात आणि प्रत्येक ठोक्याचा खळगा उजेडाचा एक ठिपका धरतो. ओळ नेमकी असेल तर ठिपक्यांची माळ भांड्याभोवती अखंड फिरते, एखादा ठोका चुकला तर माळ तिथे तुटते. एका बाजूने, दारातून वा खिडकीतून, उजेड येत असेल तरच ही माळ दिसते. तोच हंडा चोहोबाजूंच्या दिव्यांत नेऊन ठेवा. तो लखलखेल पुष्कळ, पण काय चुकले ते सांगणार नाही.

कायदेपंडितांनाही या गोष्टीची जाण होती, असे मला २०२५ पर्यंत अमलात असलेला कारखाना अधिनियम, १९४८ वाचताना वाटले. नोकरीत असताना हा अधिनियम माझ्या टेबलावरून पुष्कळदा गेला, पण त्यातले कलम १७ मी चवीने वाचले ते निवृत्तीनंतर. पुरेसा आणि योग्य प्रकाश, नैसर्गिक वा कृत्रिम वा दोन्ही, ठेवावा असे ते कलम फर्मावत असे. खिडक्यांच्या आणि छतावरच्या काचा आतून आणि बाहेरून, दोन्ही अंगांनी, स्वच्छ ठेवाव्यात असेही बजावत असे. आणि मग डोळे दिपवणाऱ्या चकाकीचा आणि सावल्यांचा बंदोबस्त करण्यास सांगताना एक मर्यादा घालत असे, ती अशी की डोळ्यांना ताण पडेल किंवा अपघाताचा धोका संभवेल इतपत सावल्या होऊ देऊ नयेत. सावलीमात्राला बंदी नव्हती. त्रासदायक सावलीला बंदी होती. मसुदा करणाऱ्याने हे शब्द तोलून घातले असावेत. माझ्या खोलीला हा अधिनियम लागू नव्हता हे खरे; तिथला कामगार मी एकटा, आणि निरीक्षणाचे अधिकार सौभाग्यवतींकडे आहेत, जे त्या पूर्वसूचनेवाचून बजावतात.

दिवसाच्या उजेडाविषयी चित्रकारांचा आणि गिरण्या बांधणाऱ्यांचा शिरस्ता एकच आहे: खिडकी उत्तरेला असावी. मुंबईच्या गिरण्यांची करवतीच्या दात्यांसारखी छपरे याच हिशेबाने उत्तरेकडे काच ठेवून बांधलेली असत, म्हणजे ऊन आत न येता आकाशाचा शांत, एकसारखा प्रकाश तेवढा यंत्रांवर उतरे. मात्र युरोपातील हा नियम आपल्या अक्षांशावर जसाच्या तसा चालत नाही. पुण्यात मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे कललेला असतो, आणि मार्चअखेरनंतर तो उगवतो आणि मावळतोही पूर्व-पश्चिम रेषेच्या उत्तरेला. तेव्हा उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतूनही ऊन आत शिरते आणि पोलादी पट्टीवरून उसळून डोळ्यांत जाते. खिडकीला एक पातळ पांढरा पंचा अडकवला की काम भागते. जूननंतर ढगच ती जबाबदारी पत्करतात. आणि पावसाळी आभाळाचा तो मऊ, दिशाहीन उजेड मोजमाप वाचायला उत्तम आणि पृष्ठभाग तपासायला निरुपयोगी असतो, म्हणून आषाढात मी भर दुपारीही बाहूचा दिवा लावतो.

एका बाबतीत मात्र हौस आणि आवडनिवड बाजूला ठेवून विचार करावा लागतो. आपल्या घरातील वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते, त्यामुळे जुन्या पद्धतीच्या चोकवर चालणारी ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा मंद आणि तेज होते. डोळ्याला हे कळत नाही, पण फिरणाऱ्या यंत्राला कळते. लेथची मोटार मिनिटाला १,४४० फेऱ्या करते आणि पट्ट्याची दोन्ही चाके सारखी असली तर लेथचा चकही तेवढ्याच वेगाने फिरतो. तो १,५०० फेऱ्यांनी फिरता, तर दिव्याच्या दोन उजळण्यांच्या दरम्यान बरोबर पाव फेरी पुरी करता, आणि प्रत्येक वेळी एका जबड्याच्या जागी पुढचा जबडा दिसून चार जबड्यांचा तो चक स्तब्ध उभा आहे असे भासते. १,४४० फेऱ्यांमुळे तो दर वेळी किंचित मागे पडतो. आणि परिणामी, प्रचंड वेगाने पुढे फिरणारे ते पोलाद, सेकंदाला एक फेरी अशा संथ गतीने उलटे फिरत असल्याचे दृश्य दिसते. इतका निर्मळ आणि इतका घातक भास दुसरा नसेल. मोठ्या कारखान्यांत यावर उपाय म्हणून शेजारशेजारचे दिवे विजेच्या तीन निरनिराळ्या फेजांवर वाटून देतात, आणि जुने कामगार यंत्रावर तारेचा गोळाच मागत, कारण तापलेली तार सेकंदाच्या शतांशात थंड होत नाही.

इलेक्ट्रॉनिक चोक आला आणि हा दोष बहुतांशी गेला. पण स्वस्त एलईडी दिव्यांनी तो मागल्या दाराने परत आणला आहे, कारण आतल्या मंडलात वीज सपाट करून देणारा जो भाग असतो त्यावरच काही उत्पादक काटकसर करतात. परीक्षा सोपी आहे. दुकानात दिवा लावायला सांगून त्याच्यापुढे पेन्सिल झपाझप हलवावी. प्रकाश स्थिर असेल तर पेन्सिलीचा एक सलग पुसट पट्टा दिसतो. लपलपणारा असेल तर अनेक सुट्या पेन्सिली पंख्यासारख्या पसरलेल्या दिसतात. दुकानदार हसेल, त्याला हसू द्यावे, दिवा परत करावा.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात आटोपतात. लाकडाचा रंग पाहायचा असेल तर खोक्यावर छापलेला रंगदर्शकतेचा निर्देशांक नव्वदच्या वर आहे ना, हे पाहून घ्यावे. ऐंशीच्या दिव्याखाली सागवानावर चढवलेली तांबूस छटा सकाळी अंगणात निराळीच निघते, आणि हे टाळायला आपल्या बायका साडी दाराशी नेऊन पाहतात ती पद्धत दिव्यांच्या कोणत्याही तक्त्याइतकीच शास्त्रशुद्ध आहे. पिवळा की पांढरा हा वाद मला महत्त्वाचा वाटत नाही. तापणाऱ्या दिव्यावर भुसा साचू देऊ नये, तो पेट घेतो. दिव्यांचे मंडल यंत्रांच्या मंडलाहून स्वतंत्र ठेवावे: करवतीवर भार येऊन एमसीबी पडला आणि त्याबरोबर दिवेही गेले, तर अंधारात हात कुठे आहे ते आपल्याला कळत नाही आणि पाते तर अजून फिरत असते. आणि भिंतींना पांढरा चुना द्यावा. चुन्याची ताजी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडाचा बराच मोठा वाटा परत करते; काळवंडलेली भिंत तो गिळून टाकते आणि मालक दिव्याला दोष देतो.

शेवटी माझ्या खोलीत छताकडे तोंड करून लावलेल्या दोन साध्या एलईडी नळ्या आल्या, ज्यांचा उजेड चुन्यावरून परतून खोलीभर मऊ पसरतो आणि हातपाय आपटू देत नाही. आणि मेजाच्या डाव्या अंगाला, कारण मी उजव्या हाताने काम करतो, स्प्रिंगांच्या बाहूचा एक दिवा. वायरमनने काम चोख केले, मजुरी घेताना मात्र ‘काका, पॅनेल घेतलं असतं तर बरं झालं असतं’ असे एकदा बजावून ठेवले.

ज्या वाचकांच्या घरी अशी एखादी खोली आहे, किंवा करण्याचा बेत आहे, त्यांना माझी एवढीच विनंती आहे की दुकानात जाण्यापूर्वी एका रात्री त्या खोलीतले सर्व दिवे मालवावेत, घरातली साधी विजेरी हातात घ्यावी, आणि जिथे काम करणार त्या मेजावर लाकडाचा एखादा रंधलेला तुकडा ठेवून विजेरी वरून, समोरून, डावीकडून, उजवीकडून आणि अगदी फळीच्या पातळीवरून अशी फिरवून पाहावी. जिथून सर्वांत जास्त दिसले तिथे भिंतीवर खडूने फुली करावी, आणि वायरमन आला की ती फुली त्याला दाखवावी.